एका फादरच्या दोन आफ्रिका

स्टेलन स्कार्सगार्ड या स्वीडिश नटाने २००२ ते २००४ या काळात एकच भूमिका दोनदा केली. नाटकात हे रोजचंच. पण हा चित्रपट होता. पात्र तेच, ‘द एक्सॉर्सिस्ट’मधले फादर लँकेस्टर मेरिन. खेडं तेच, पूर्व आफ्रिकेतलं देराती. मातीखाली पुरलेलं चर्च तेच. कॅमेऱ्यामागे दोन्ही वेळा व्हित्तोरियो स्तोरारो, आणि पैसे दोन्ही वेळा मॉर्गन क्रीक या कंपनीचे. बदलला तो दिग्दर्शक. मग पटकथा बदलली, महत्त्वाचे काही नट बदलले, आणि चित्रित होऊन जोडून झालेला एक चित्रपट कपाटात ठेवून त्याच गोष्टीचा दुसरा चित्रपट नव्याने उभा केला गेला. दुसरा आधी प्रदर्शित झाला, पहिला त्याच्यानंतर. आज दोन्ही उपलब्ध आहेत, आणि कुणालाही शेजारी शेजारी लावून पाहता येतात.

मी संकलक. स्टीनबेक या संकलन-यंत्रावर रीळ कापून टेपने जोडायच्या दिवसांत काम शिकले आणि पुढची बरीच वर्षं मालिकांचे भाग चॅनेलला वेळेत पोचवण्यात गेली. आमच्या खोलीतलं भांडण नेहमी एकच असतं: हे ठेवायचं की काढायचं? दिग्दर्शक म्हणतो ठेव, निर्माता म्हणतो काढ, लेखकाला सहसा कुणी विचारत नाही. निकाल लागला की हरलेली बाजू कायमची नाहीशी होते. काढलेलं दृश्य प्रेक्षकापुढे ठेवून ‘आता तुम्हीच सांगा’ असं म्हणायची सोय नसते. ‘द एक्सॉर्सिस्ट’ आणि त्याचा गोतावळा मात्र असा आहे की जवळजवळ प्रत्येक भांडणाच्या दोन्ही बाजू आपल्याला पाहायला मिळतात. त्यासाठी मी हे चित्रपट पुन्हा पुन्हा पाहते. भीती वाटते ती वरकड.

ज्यांनी मूळ चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. विल्यम पीटर ब्लॅटी जॉर्जटाउन विद्यापीठात शिकत असताना, १९४९ साली, वॉशिंग्टनशेजारच्या मेरीलँडमधल्या एका मुलाच्या अंगातला सैतान कॅथलिक पाद्र्यांनी विधी करून उतरवल्याची बातमी त्यांच्या वाचनात आली. ती डोक्यात राहिली, आणि १९७१ साली तिच्यावरून सुचलेली कादंबरी प्रसिद्ध झाली. कादंबरीत मुलाची मुलगी झाली होती. २६ डिसेंबर १९७३ रोजी, अमेरिका नाताळाच्या जेवणातून उठते न उठते तोच, विल्यम फ्रीडकिन यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट लागला. पटकथा ब्लॅटींची, निर्मातेही तेच. क्रिस मॅकनील ही नटी शूटिंगसाठी जॉर्जटाउनला भाड्याच्या घरात राहते आहे. तिची बारा वर्षांची मुलगी रीगन हळूहळू ओळखू येईनाशी होते. मेंदूच्या तपासण्या होतात, मानसोपचारतज्ज्ञ होतात, आणि अखेर देवावर विश्वास नसलेली ही आई एका पाद्र्याकडे जाते. तो फादर कॅरस, जेझुइट आणि मानसोपचारतज्ज्ञ. आई एकटीच मेली या अपराधाने पोखरलेला, श्रद्धा हातातून निसटत चाललेला. त्याच्या मदतीला येतात म्हातारे फादर मेरिन, ज्यांनी हे पूर्वी एकदा केलेलं आहे. विधी चालू असताना मेरिन दगावतात. कॅरस सैतानाला स्वतःच्या अंगात ओढून घेतो आणि खिडकीतून खाली, ७५ पायऱ्यांच्या दगडी जिन्यावर झोकून देतो.

या चित्रपटाला ऑस्करची दहा नामांकनं मिळाली. भयपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं नामांकन मिळण्याची ती पहिलीच वेळ. प्रत्यक्ष मिळाली दोन, पटकथा आणि ध्वनी. ध्वनीचं तर मिळायलाच हवं होतं. रीगन झालेल्या लिंडा ब्लेअरच्या ओठांतून जो आवाज येतो तो मर्सिडीज मॅककेंब्रिज या जुन्या जाणत्या नटीचा, आणि तो बंद करून पाहिलं तर अर्ध्याहून अधिक भीती निघून जाते. मी पाहिलंय तसं करून.

आता भांडण. १९७३ साली चित्रपटगृहात लागलेला चित्रपट १२२ मिनिटांचा. फ्रीडकिन यांनी आधी जोडलेला त्याहून बराच लांब होता. स्टुडिओशी बोलणं झाल्यावर त्यांनी तो छाटला. ब्लॅटींना ही छाटणी मनापासून लागली. त्यांचं म्हणणं असं की, या गोष्टीचा अर्थ ज्या दृश्यांत होता तीच गेली, आणि काही प्रेक्षक तर सैतान जिंकला असं समजून घरी जातात. फ्रीडकिन म्हणत, अर्थ बोलून दाखवायचा नसतो. दोघांची मैत्री टिकली, वादही टिकला. चित्रपटाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा, १९९८ साली, बीबीसीने समीक्षक मार्क करमोड यांच्या सहभागाने एक माहितीपट केला, त्यात काढलेली दृश्यं दिसली आणि लोकांची उत्सुकता चाळवली. २००० साली फ्रीडकिन यांनी ती दृश्यं परत जोडून १३२ मिनिटांचा चित्रपट पुन्हा थिएटरात आणला. जाहिरातीचं नावही तसंच: तुम्ही कधीच न पाहिलेली आवृत्ती. आपण हे ब्लॅटींसाठी केलं, असं ते सांगत.

दहा मिनिटं. मालिकेच्या एका भागाचा अर्धा जरी म्हटलं तरी नाही. पण या दहा मिनिटांनी दोन वेगळे चित्रपट होतात.

सगळ्यात गाजलं ते जिन्यावरून उलटं उतरण्याचं दृश्य. क्रिसच्या चित्रपटाचा दिग्दर्शक बर्क डेनिंग्ज मेल्याची बातमी तिला कळते, आणि त्याच क्षणी रीगन पाठीची कमान करून, हातापायांवर, तोंड उलटं, कोळ्यासारखी जिना उतरत खाली येते. हे एका कसरतपटू स्त्रीला तारांनी बांधून चित्रित केलं होतं. १९७३ साली तारा दिसत होत्या, त्या पुसायची सोय नव्हती. २००० साली संगणकाने पुसल्या. लोक किंचाळले. मला विचाराल तर हे दृश्य तेव्हा काढलं तेच बरोबर होतं, आणि तारा हे त्याचं दुय्यम कारण. बातमी हा एक धक्का. त्याच्या पाठोपाठ, श्वास घ्यायला जागा न ठेवता, दुसरा धक्का दिला की पहिला पुसला जातो. शिवाय या वेळेपर्यंत रीगन आजारी आहे की आणखी काही, याबद्दल प्रेक्षकाच्या मनात शंका राहायला हवी. जी मुलगी अशी जिना उतरते तिच्यासाठी मेंदूचा डॉक्टर कशाला बोलवायचा?

याच्या उलट, डॉक्टरची पहिली भेट. १९७३च्या कटमध्ये एक छोटं भगदाड आहे आणि ते बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. पार्टीत रीगन सगळ्यांसमोर गालिच्यावर लघवी करते. नंतर आई तिला अंघोळ घालताना समजावते की डॉक्टर म्हणाले तसं हे नुसतं नसांचं आहे, गोळ्या घे. कोण डॉक्टर? आपण कुठलाच डॉक्टर पाहिलेला नसतो. ते दृश्य छाटणीत गेलं, त्याचा उल्लेख करणारं वाक्य राहून गेलं. संकलन करताना असं होतं, आणि मोठमोठ्यांकडून होतं हे पाहून आमच्यासारख्यांना बरं वाटतं. २००० साली ते दृश्य परत आलं. गोष्टीत भोक उरलं नाही. पण पूर्वार्ध थोडा जड झाला, हेही खरं.

चेहऱ्यांबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. मूळ चित्रपटात कॅरसला स्वप्न पडतं, आई भुयारी रेल्वेच्या जिन्यावर उभी आहे, आणि मध्येच निमिषभर एक पांढराफटक चेहरा चमकून जातो. तो चेहरा एलीन डीट्झ या नटीचा, रंगभूषेच्या चाचणीत टिपलेला. डोळा मिटून उघडेपर्यंत तो गेलेला असतो. आपण पाहिलं की भास झाला, हे थिएटरात बसलेल्या माणसाला ठरवता येत नाही, आणि १९७३ साली मागे नेऊन पाहायचीही सोय नव्हती. २००० साली फ्रीडकिन यांना संगणक मिळाला आणि तोच चेहरा त्यांनी स्वयंपाकघरात, दारावर, अंधारात असा ठिकठिकाणी पेरला. ज्या माणसाने सत्तावीस वर्षांपूर्वी कमी दाखवण्याची बाजू लावून धरली होती त्यानेच हे करावं याचं मला आजही नवल वाटतं. आमटीत चुकून आलेलं एक मिरं झणका देतं. मूठभर टाकली तर माणूस ताट बाजूला सारतो.

आणि तो जिन्यातला संवाद. विधीच्या मधल्या विश्रांतीत दोन्ही पाद्री जिन्यात बसतात. १९७३ साली ते नुसतेच बसतात, थकलेले. २००० साली कॅरस विचारतो की हीच मुलगी का. मेरिन जे उत्तर देतात त्याचा आशय असा: सैतानाचं लक्ष्य मुलगी नाहीच, आपण आहोत, तिच्या भोवती उभे असलेले. आपण स्वतःला जनावर समजावं, किळसवाणं समजावं, आपल्यावर प्रेम करणारा देव असू शकतो हे आपल्याला अशक्य वाटावं, यासाठी हे सगळं. ब्लॅटींच्या दृष्टीने अख्खी कादंबरी या चार वाक्यांसाठी लिहिलेली होती. बाकी सगळ्या बाबतीत मी १९७३च्या कटच्या बाजूने आहे. हे एक दृश्य मी ठेवलं असतं. ते नसलं तर चित्रपटातला छळ हा नुसता छळ राहतो, कुणाच्या तरी लेकराचा, आणि तो इतका वेळ आपण का पाहतो आहोत याचं उत्तर मिळत नाही.

शेवटही बदलला. मूळ चित्रपटात कॅरसचा मित्र फादर डायर त्या जिन्याकडे पाहतो, वळतो, संपलं. नव्यात डेनिंग्जच्या मृत्यूचा तपास करणारा पोलीस लेफ्टनंट किंडरमन येतो, दोघं सिनेमाबिनेमाच्या गप्पा मारत निघून जातात, एक मैत्री सुरू होते. ब्लॅटींना प्रेक्षक हलका होऊन बाहेर पडायला हवा होता. मला तो तसाच जड मनाने बाहेर पडलेला चालतो.

इथे जरा आपल्याकडे यायला हरकत नाही, कारण आपल्याकडच्या एका चित्रपटाने हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला होता. विकास देसाई आणि अरुणा राजे यांचा १९८०चा ‘गहराई’. डॉ. श्रीराम लागू बाप, पद्मिनी कोल्हापुरे ही अंगात आलेली मुलगी, लेखनात विजय तेंडुलकर. अरुणाबाई एफटीआयआयमध्ये संकलनच शिकलेल्या. ‘एक्सॉर्सिस्ट’च्या लाटेत आपल्याकडे बरंच काही आलं, पण या चित्रपटाला त्या लाटेतला म्हणून निकालात काढणं अन्यायाचं आहे. तिथे मुलीच्या तोंडून सैतान बोलत नाही. बापाने जिच्यावर आणि ज्या जमिनीवर अन्याय केला ते बोलतं. ‘हीच मुलगी का’ याचं उत्तर घरातच सापडतं. जुनी प्रिंट हाती लागली तर पाहा.

तर आता मेरिन. मूळ चित्रपटात त्यांच्याबद्दल आपल्याला जवळजवळ काहीच सांगितलेलं नाही, आणि ते जाणून आहे. सुरुवातीला उत्तर इराकमधल्या उत्खननात एक म्हातारा दिसतो. ते चित्रीकरण हत्राच्या खऱ्या अवशेषांत झालं आहे. त्याला एक छोटी मूर्ती सापडते, त्याचे हात थरथरतात, तो हृदयाच्या गोळ्या घेतो, आणि पाझुझू या जुन्या मेसोपोटेमियन राक्षसाच्या पुतळ्यासमोर उभा राहतो. मग तास-सव्वा तास गायब. पुढे विद्यापीठाचे अध्यक्ष कॅरसच्या बिशपना त्याच्याविषयी सांगतात की दहा-बारा वर्षांपूर्वी आफ्रिकेत याने एकदा हे केलंय, महिनोन्‌महिने चाललं होतं, त्यात मरता मरता वाचला. बस्स. एवढ्या एका ओळीवर पुढे तीन चित्रपटांनी पोट भरलं.

पहिला १९७७चा जॉन बूरमन यांचा दुसरा भाग. रिचर्ड बर्टन, टोळधाड, कोकुमो नावाचा आफ्रिकन मुलगा, मॉरिकोनेंचं संगीत. प्रदर्शित झाल्यावर प्रेक्षक हसले म्हणून बूरमन यांनी घाईघाईत पुन्हा कापाकापी केली, त्यामुळे त्याच्याही एकाहून अधिक आवृत्त्या आहेत. त्याबद्दल इथे एवढंच पुरे.

मग आल्या त्या दोन आफ्रिका. तरुण मेरिनची गोष्ट करायचं मॉर्गन क्रीकने ठरवलं तेव्हा दिग्दर्शक होते जॉन फ्रँकनहाइमर आणि मेरिन होणार होता लिअम नीसन. फ्रँकनहाइमर आजारपणामुळे बाजूला झाले आणि जुलै २००२मध्ये वारले. नीसनही गेला. त्यांच्या जागी पॉल श्रेडर आणि स्कार्सगार्ड आले. एक मजा सांगते. १९७३चा म्हातारा मेरिन करणारे मॅक्स व्हॉन सिडो चित्रीकरणाच्या वेळी फक्त त्रेचाळीस-चव्वेचाळीस वर्षांचे होते. डिक स्मिथ या रंगभूषाकाराने रोज कित्येक तास बसून त्यांच्या चेहऱ्यावर तीस वर्षं चढवली. आणि तरुण मेरिन करणारा स्कार्सगार्ड पन्नाशी ओलांडलेला. दोघंही स्वीडिश.

श्रेडर हे या कामाला फार योग्य आणि फार अयोग्य होते. मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सच्या, डच वळणाच्या कडक कॅल्व्हिनिस्ट घरात वाढलेला हा माणूस. सिनेमा पाहणं घरात पाप होतं, पहिला चित्रपट पाहिला तो मिसरूड फुटल्यावर. ‘टॅक्सी ड्रायव्हर’ची पटकथा त्यांची. ओझू, ब्रेसाँ आणि ड्रायर या तीन दिग्दर्शकांवर त्यांनी १९७२ साली एक पुस्तक लिहिलं, ज्याचा विषयच पडद्यावर अध्यात्म कसं उतरतं हा. अशा माणसाला पाप आणि प्रायश्चित्ताची गोष्ट द्यावी यात चूक काहीच नाही. पण त्याच्याकडून दर दहा मिनिटांनी किंकाळी मागणं म्हणजे कीर्तनकाराकडून लावणीची अपेक्षा.

श्रेडर यांनी मोरोक्कोत आणि रोमच्या चिनेचिता स्टुडिओत चित्रीकरण केलं, जोडलं, दाखवलं. निर्मात्यांना ते पुरेसं भयंकर वाटलं नाही. त्यांना काढलं. आधी बेत काही दृश्यं पुन्हा चित्रित करण्याचा होता. त्यासाठी रेनी हार्लिन या फिनिश दिग्दर्शकाला आणलं, ‘डाय हार्ड २’ आणि ‘क्लिफहँगर’वाला, धडाडधूम करण्यात वाकबगार. काही दृश्यांचं काम वाढत वाढत जवळजवळ अख्खा चित्रपट नव्याने झाला. गॅब्रिएल मान जाऊन फादर फ्रान्सिसच्या कामात जेम्स डार्सी आला. डॉक्टरीणबाईंच्या कामात क्लारा बेलार जाऊन इझाबेला स्कोरुप्को आली, आणि बाईंचं नाव रेचेलचं सारा झालं. बिली क्रॉफर्डने केलेला चेचे हा मुलगा कथेतूनच उडाला. ऑगस्ट २००४मध्ये हार्लिनचा ‘एक्सॉर्सिस्ट: द बिगिनिंग’ लागला. पहिल्या आठवड्याअखेरीस अमेरिकेत तो पहिल्या क्रमांकावर होता, कमाई सुमारे १ कोटी ८० लाख डॉलर, आणि पुढच्या आठवड्यापासून घसरण. जगभरात आठ कोटींच्या आत थांबला. दोन चित्रपटांच्या खर्चापुढे हे काहीच नाही.

यानंतर जे घडलं ते माझ्या पाहण्यात दुसरीकडे कुठे घडलेलं नाही. पैसे वसूल होत नाहीत म्हटल्यावर कंपनीने कपाट उघडलं. श्रेडर यांना अगदी तुटपुंज्या पैशांत त्यांचा चित्रपट पुरा करू दिला. मार्च २००५मध्ये ब्रुसेल्सच्या महोत्सवात ‘डोमिनियन’ दाखवला गेला आणि मे महिन्यात अमेरिकेत शंभरेक पडद्यांवर लागला. कमाई अडीच लाख डॉलरच्या आसपास. ब्लॅटींनी हार्लिनचा पाहिला तेव्हा त्यांना अपमान झाल्यासारखं वाटलं होतं. श्रेडरचा त्यांनी जाहीरपणे वाखाणला.

दोन्हींची बीजघटना एकच आहे. दुसऱ्या महायुद्धात, हॉलंडमधल्या एका खेड्यात, एका जर्मन सैनिकाचा खून झालाय. एसएसचा अधिकारी मेरिनला सांगतो की तुझ्या चर्चला येणाऱ्यांपैकी दहाजण निवड, मी त्यांना गोळ्या घालतो. नाही निवडलेस तर सगळ्यांना. मेरिन निवडतो. त्यानंतर त्याचा देव संपतो आणि तो आफ्रिकेत मातीत हात घालून पुराणवस्तू शोधत राहतो.

श्रेडर हे दृश्य चित्रपटाच्या अगदी सुरुवातीला ठेवतात, सलग, मध्ये कुठेही न तोडता. आपण मेरिनबरोबर त्या चौकात उभे राहतो, निवड होताना पाहतो, आणि मग कुठे शीर्षक येतं. हार्लिन हेच दृश्य तुकडे करून चित्रपटभर वाटतात: झोपेत एक तुकडा, घाम पुसताना एक तुकडा, तिसरा आणखी पुढे. ही युक्ती मला चांगली ठाऊक आहे. मालिकेत नायिकेच्या ‘भूतकाळाचा’ असाच रतीब घालावा लागतो, कारण रहस्य राहिलं की प्रेक्षक उद्या परत येतो. पण तुकडे केले की काय होतं? प्रेक्षक ‘काय झालं होतं’ या प्रश्नात अडकतो, आणि कळलं की प्रश्न मिटतो. सलग दाखवलं की ‘काय झालं’ हे पहिल्या दहा मिनिटांतच कळतं, आणि उरतं ते ‘मी काय केलं असतं’. पहिला प्रश्न चित्रपटाबरोबर संपतो. दुसरा घरी येतो. नट तोच, घटना तीच, फक्त ठेवण्याची जागा वेगळी. मला उद्या कुणी संकलन शिकवायला बोलावलं तर मी हे दोन्ही चित्रपट लावून गप्प बसेन.

श्रेडरच्या देरातीत १९४७ साल आहे. वाळवंटात पाचव्या शतकातलं बायझंटाईन चर्च सापडतं, जिथे ख्रिस्ती धर्म तोवर पोचलेलाच नव्हता. तेही असं की बांधल्याबरोबर पुरलेलं, भिंतीवर झीज नाही. चर्चखाली आणखी जुनं काहीतरी आहे, आणि चर्च हे त्यावर ठेवलेलं झाकण. पण गंमत पुढे आहे. चेचे हा गावाने टाकलेला अपंग मुलगा. सैतान त्याच्यात शिरतो तेव्हा तो कुरूप होत नाही. तो बरा होतो. हात सुधारतो, पाय सुधारतो, शेवटी तो एखाद्या देवळातल्या मूर्तीसारखा नितळ, सुंदर, पद्मासन घातल्यासारखा अधांतरी बसलेला दिसतो. मूळ चित्रपटातल्या ओकाऱ्या आणि फाटक्या ओठांच्या हे नेमकं उलट. मग सैतान मेरिनला धमकी देत नाही, देऊ करतो: चल, तुला त्या चौकात परत नेतो, या वेळी वेगळं वाग. अपराधी माणसाला याहून मोठं आमिष कुठलं? तिकडे ब्रिटिश मेजर आपली दोन माणसं मेली म्हणून गावकऱ्यांना रांगेत उभं करतो, आणि हॉलंडचा चौक आफ्रिकेत पुन्हा भरतो. जर्मनांचं पाप नाझी म्हणून बाजूला ठेवायची सोय श्रेडर ठेवत नाहीत.

हार्लिनच्या देरातीत १९४९ आहे आणि मेरिन कैरोत एका संग्राहकाकडून सुपारी घेऊन, पाझुझूची मूर्ती शोधायला येतो. टोपी, दाढी, दारू. इंडियाना जोन्सचा मामेभाऊ. सुरुवातीला उलटे सुळावर दिलेल्यांचं अख्खं रणांगण आहे, तरस एका मुलाला फाडतात, जोसेफ हा मुलगा झपाटलेला आहे असं वाटायला लावून शेवटी डॉक्टरीणबाईच झपाटलेल्या निघतात. ती रहस्याची कोलांटी आहे, आणि पहिल्यांदा पाहताना ती चालते. दुसऱ्यांदा पाहताना हाती काही लागत नाही.

श्रेडरचा चित्रपट मी डोक्यावर घेऊन नाचते आहे असं वाटत असेल तर थांबा. त्याचे संगणकाने केलेले तरस केविलवाणे आहेत. हार्लिनचेही वाईटच, पण श्रेडरचे पाहून दया येते. ध्वनीवर पैसा नाही हे प्रत्येक मोकळ्या दृश्यात ऐकू येतं. संगीत इकडून तिकडून जमवलेलं, त्यात हार्लिनच्या चित्रपटाचंही. मधला अर्धा तास रेंगाळतो, आणि तो मी निर्दयपणे वीस मिनिटांवर आणला असता. घाबरायचं म्हणून कुणी हा पाहायला बसला तर झोपेल, यात निर्मात्यांचं काही चुकलं नव्हतं. मलाही एका चॅनेलवर ‘प्रेक्षकाला कळणार नाही’ या एका वाक्याखाली चांगली दृश्यं उडवावी लागली आहेत, आणि त्यातली काही खरोखरच कळली नसती. पण म्हणून दुसरा चित्रपट नव्याने उभा करणारा निर्माता मला काही भेटला नाही. तेवढे पैसे आमच्याकडे नसतात.

दोन्ही आफ्रिका मूळ चित्रपटातल्या त्या एका ओळीशी मात्र जुळत नाहीत. १९७३ सालातून दहा-बारा वर्षं मागे गेलं तर आपण १९६०च्या आसपास पोचतो. १९४७ नाही आणि १९४९ही नाही. महिनोन्‌महिने चाललेला विधी कुठेच नाही. दोन्हीकडे काम एका रात्रीत उरकतं. हे चूक म्हणून सांगत नाही. आधीची गोष्ट सांगणाऱ्या चित्रपटांचं हे नेहमीचंच दुखणं: मूळ लेखकाने एक ओळ सहज टाकलेली असते, तिच्यामागे काहीही नसतं, आणि म्हणूनच ती चांगली असते. तिच्या मागे घर बांधायला गेलं की मापं चुकतात. श्रेडर वाचले, कारण त्यांनी पाझुझू कुठून आला हे सांगण्यात फारसा वेळ घालवला नाही. त्यांनी मेरिनचं काय गेलं होतं ते सांगितलं.

ब्लॅटींचीही एक गोष्ट यात राहते. दुसऱ्यांच्या कापाकापीने आयुष्यभर त्रासलेल्या या लेखकाने १९९० साली तिसरा भाग स्वतः दिग्दर्शित केला, आपल्याच ‘लीजन’ कादंबरीवरून. किंडरमन म्हणून जॉर्ज सी. स्कॉट, कोठडीत बसून बोलणारा खुनी म्हणून ब्रॅड ड्यूरिफ. निर्माते पुन्हा मॉर्गन क्रीक. त्यांचं म्हणणं, नावात एक्सॉर्सिस्ट आहे आणि चित्रपटात विधीच नाही, हे कसं? झाला तर मग विधी, नव्याने चित्रित करून, निकोल विल्यमसनला पाद्री म्हणून मध्येच आणून, आणि मूळ चित्रपटात कॅरस झालेल्या जेसन मिलरला परत बोलावून. इस्पितळाच्या लांब कॉरिडॉरमधला तो एक सलग शॉट तेवढा कुणी बिघडवू शकलं नाही. तो जाऊन पाहा, त्याबद्दल आधी सांगणं पाप आहे. २०१६ साली ब्लॅटींच्या मूळ योजनेच्या जवळ जाणारी आवृत्ती व्हिडिओवर आली तेव्हा चांगली फिल्म मिळालीच नाही. व्हीएचएस कॅसेटींवरच्या रशेसमधून तुकडे घ्यावे लागले. चित्र एका क्षणी लख्ख, दुसऱ्या क्षणी धूसर. ती पाहताना माझ्यासारखीला गोष्ट बाजूला राहून नुसते जोडच दिसतात. ब्लॅटी पुढच्याच वर्षी, जानेवारी २०१७मध्ये गेले.

श्रेडर यांच्यावर हीच पाळी पुन्हा आली. २०१४ साली ‘डाइंग ऑफ द लाइट’ त्यांच्या हातून काढून घेऊन दुसऱ्यांनी कापला. त्यांनी मग हाती असलेल्या कच्च्या डीव्हीडीवरून स्वतःची वेगळी आवृत्ती केली. आणि २०१७ साली, कुणी मध्ये न येता, ‘फर्स्ट रिफॉर्म्ड’ केला: ईथन हॉक, एक लहानसं जुनं चर्च, श्रद्धा संपत चाललेला पाद्री. सैतान नाही, तरस नाहीत. ‘डोमिनियन’मध्ये त्यांना काय करायचं होतं ते पैसे आणि दबाव दोन्ही नसताना कसं दिसलं असतं, हे त्यात कळतं.

पाहायचेच असतील तर आधी १९७३चा, दिवे घालवून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. २०००चा त्यानंतर काही महिन्यांनी, आणि जिन्यातल्या संवादाला आवाज वाढवून. मग ‘डोमिनियन’. हार्लिनचा शेवटी, आणि तोही ‘डोमिनियन’च्या दुसऱ्याच दिवशी, हॉलंडचा चौक ताजा असताना. उलट क्रमाने पाहिलंत तर श्रेडरचा चित्रपट तुम्हाला संथ वाटेल आणि तुम्ही मध्येच उठाल. माझ्या घरात तसं झालेलं आहे.